कापसाच्या हाताची नाडी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलं आहे. आणि घडलं ते भर दुपारी, माझ्या मावशीच्या शिवणाच्या खोलीत, गेल्या थंडीत.

खोलीत मशीन, कात्र्या, चिंध्यांचं गाठोडं. आणि कोपऱ्यात मापाचा पुतळा. चिमीच्या मापाचा. चिमी म्हणजे मावशीची लेक. मावशीने कापूस भरभरून तिचे खांदे केले, कंबर केली, बाही बेतायला एक हातही केला.

मग चिमी तापाने गेली.

पुतळा राहिला.

दादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, आईला नाडी मोजणारं घड्याळ पाठवलं. आकडे त्याला दूर शहरात, मोबाइलवर दिसायचे.

एकदा त्याचा फोन आला.

"आई, दुपारची तुझी नाडी चोपन्न. बसल्या जागी इतकी संथ म्हणजे तब्येत ठणठणीत. आराम करतेस वाटतं?"

"कसला आराम? दुपारी मान वर करायला फुरसत नसते."

"मग घड्याळ थापा मारतंय?"

मावशीने कोपऱ्याकडे पाहिलं. पट्टा कापडात अडकतो म्हणून दुपारी ती घड्याळ काढून ठेवायची...

पुतळ्याच्या मनगटावर.

हे ऐकून दादा हसला. "अगं, त्यात हिरवा दिवा असतो, रक्ताची हालचाल टिपतो. कधी कापडालाही फसतो."

तिने ते उशीला बांधलं. आकडा नाही. खुर्चीच्या हाताला... नाही.

पुतळ्याच्या हाताला बांधलं...

चोपन्न.

चिमी रोज पोहायची. डॉक्टर म्हणायचे, पोहणाऱ्या पोरीची नाडी अशीच संथ.

त्या दिवसापासून घड्याळ त्या हातावरच राहिलं. सुई चालायची, दोरा चालायचा, आणि मावशी त्या कोपऱ्याशी बोलत राहायची.

शेवटी दादा तिला न्यायला आला. "हे उसवून टाक, आई. म्हणजे तूही सुटशील."

तिने मनावर दगड ठेवला. कात्रीचं टोक खांद्याच्या शिवणीला लावलं...

सत्तर.

शहाण्णव.

एकशे अठ्ठावीस.

दादाचा चेहरा उतरला. "भीतीनेच चढते एवढी," तो पुटपुटला.

मावशीने कात्री खाली ठेवली. आकडा हळूहळू उतरला. मावशी बॅग घेऊन दारापर्यंत गेली...

पुन्हा चढला.

दादा एकटाच परत गेला.

परवा मी तिला भेटायला गेलो. घड्याळ चार्जिंगला होतं, आणि तेवढा वेळ ती तो हात मांडीवर घेऊन बसली होती.

"हाताला काही लागतं का गं?"

"कापूस. नुसता कापूस. ठोका एकदाही लागला नाही रे."

मावशी फार थकली आहे. सुईत दोरा ओवता येत नाही तिला. तिने घड्याळ पुन्हा त्या मनगटाला बांधलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "माझ्यामागे हिच्यापाशी बसशील?"

मी नकळत दाराकडे पाहिलं.

तोंड उघडायच्या आतच...

आकडा चढू लागला.