पाळण्यातला वरवंटा

"आई, बाळाच्या पाळण्यात हा दगड कुणी ठेवला?"

न्हाणं उरकून, डोक्याला फडकं बांधून संचिता आतल्या खोलीत आली होती आणि समोरचं बघून तिचे पाय दाराशीच थबकले होते. पांढरा लाकडी पाळणा, तिने सातव्या महिन्यापासून शोधून शोधून, नवऱ्याचं, विनीतचं, डोकं खाऊन खाऊन मागवलेला... त्यातली मऊ दुलई नव्हती, कडेने बांधलेली उशांची झालर नव्हती, ससा नव्हता, सरोजआत्याने दिवा गावाहून आणलेली मोहरीची उशीसुद्धा नव्हती. उरली होती नुसती गादी, आणि तिच्यावर मलमलीच्या फडक्यात गुंडाळून निजवलेला, स्वयंपाकघरातल्या खलबत्त्याचा दगडी बत्ता.

"मीच ठेवला गं," तिची सासू, मालन, म्हणाली. तिच्या मांडीवर बाळ होतं आणि ती त्याच्या तळपायाला तेल चोळत होती. "बारशापर्यंत पाळणा रिकामा ठेवू नये. बाळ निजायला लागलं की काढायचा. बाकीचं सगळं माळ्यावर टाकलंय. त्यातलं काही लागत नाही बाळाला. सपाट गादी, वर ताणून घातलेली चादर, आणि पाठीवर निजवायचं. एकटं. बस झालं."

"एकटं," संचिता म्हणाली. "एवढासा जीव, आणि एकटं निजवायचं."

"तुझ्या पलंगाला लागूनच ठेवू ना पाळणा. हात लांबवलास की पोचेल."

संचिताची आई ती कॉलेजात असतानाच गेलेली. म्हणून तर मालन डोंबिवलीच्या घराला कुलूप लावून, पापडाची कामं शेजारणीवर सोपवून, बाळकुमच्या या चौदाव्या मजल्यावरच्या घरात बाळंतपणाला आली होती. डिंकाचे लाडू, धुरी, शेक, बाळाचे लंगोट, कशाला म्हणून तिने कमी केलं नव्हतं. पण एक गोष्ट संचिताच्या मनात पहिल्या दिवसापासून काट्यासारखी रुतली होती, आणि आज तो काटा बोललाच.

"आई, एक विचारू? तुम्ही आल्यापासून एकदा तरी हिला कुशीत घेऊन आडव्या झालात? मी थकून विनवते, जरा घ्या जवळ, पडा दोघी... तर तुम्ही भिंतीला टेकून बसून राहता. मान लटकते, पण आडव्या होत नाही. मुलगा असता तर घेतलं असतंत ना कुशीत? मुलगी झाली, म्हणून हा दगड? धोंड वाटते का तुम्हाला माझी लेक?"

मालनचा तेलकट हात थांबला. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं... पण तिने ते गिळलं. गिळायची सवय होती तिला. एकदा लागलेली अशी सवय माणसाला मरेपर्यंत सोडत नाही.

"नाही गं पोरी," एवढंच ती म्हणाली, आणि बाळाचा दुसरा पाय हातात घेतला.

काय सांगणार होती ती? विनीतच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, हे विनीतलाही नीट माहीत नव्हतं. डोंबिवलीतली तीच खोली, थंडीचे दिवस, दुपारची वेळ. खाली नळाला पाणी आलं म्हणून मालन हंडे घेऊन उतरली आणि बाळ नणंदेजवळ, सरोजजवळ दिलं. सरोज तेव्हा कोवळी पोर. तिचं लग्न ठरलेलं, हातातला हिरवा चुडा तेवढा भरायचा राहिलेला. बाळ कुरकुरलं म्हणून तिने त्याला कुशीत घेतलं, डोक्याखाली मोहरीची उशी सरकवली, दोघींवर जाड गोधडी ओढली, आणि दुपारची तिची झोप ती, लागली. मालन भरला हंडा घेऊन वर आली तेव्हा गोधडीत हालचाल नव्हती. काय झालं, श्वास कोंडला की आणखी काही, हे कुणी सांगू शकलं नसतं. सरोज उठून बसली होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. इतक्यात जिन्यावर सासूबाईंच्या चपला वाजल्या.

त्या एका घटकेत मालनने काय केलं असेल? तिने सरोजला ढकलून मोरीत पाठवलं, आणि स्वतः त्या अंथरुणात, त्या निपचित लेकराशेजारी जाऊन पडली. "मी निजले होते हिच्याजवळ," ती सासूबाईंना म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाही पुढे नीट सांगता आलं नाही. एक लेक गेली होती... दुसरी डोळ्यांदेखत जाईल, एवढंच तिला त्या वेळी दिसलं होतं.

सरोजचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. आणि मालन "पोटची पोर अंगाखाली घेतलेली" बाई झाली. सासूबाई मरेपर्यंत हे बोलल्या. नवरा, परशुराम, बोलला नाही, पण त्या दुपारनंतर कितीतरी दिवस त्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि हे तिला बोलण्याहून जड गेलं. विनीत झाला तेव्हा तिने त्याला पाठीवर, सपाट चटईवर निजवलं आणि स्वतः शेजारी बसून राहिली. बाळाशेजारी पाठ टेकणं तिच्या नशिबातून त्या दिवशीच गेलं होतं.

आणि सरोज? खोटं बरीच वर्षं कानांवर पडत राहिलं की त्याचं खरं होतं हो. सासर, मुलं, दिव्याची ती पाण्याची मारामारी, या सगळ्यात सरोजने ती दुपार अशी खोल पुरली की तिचं तिलाच वाटू लागलं, वहिनीच निजली होती, वहिनीचंच काहीतरी चुकलं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसरा कुणी लागत नाही.

बारशाचा दिवस उजाडला. सरोज सकाळीच आली, हातात पेढे, डोक्यात गजरा. आल्या आल्या तिने पाळण्याकडे पाहून नाक मुरडलं.

"हे काय ओकंबोकं? माझी मोहरीची उशी कुठाय? वहिनी, पोरीचं डोकं चपटं होईल अशाने. काय मेलं एकेक."

"बघा ना आत्या," संचिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मालन स्वयंपाकघरात घुगऱ्यांना फोडणी देत होती. तिने सगळं ऐकलं आणि गॅस बारीक केला.

थोड्या वेळाने संचिता साडी नेसायला गेली. विनीत खाली फुलं आणायला गेला. घर शांत झालं, जरा जास्तच शांत झालं, आणि मालनच्या हातातला झारा थांबला. ती आतल्या खोलीत गेली. मोठ्या पलंगावर सरोज कुशीवर झाली होती. माळ्यावरची मोहरीची उशी खाली आली होती, जाड गोधडी दोघींच्या अंगावर होती, बाळाचं तोंड सरोजच्या दंडाआड गेलं होतं, आणि सरोजचे डोळे मिटत आले होते.

मालनच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा नव्हताच. तिने गोधडी फेकली, बाळ हिसकावून छातीशी धरलं. बाळाने टाहो फोडला. किती बरं वाटलं तिला ते रडणं ऐकून.

"सरोज... परत नको. परत नको गं."

सरोज पांढरीफटक पडली. तेवढ्यात अर्धी नेसलेली साडी सावरत संचिता धावत आली. तिला दिसली थरथरणारी सासू, किंचाळणारं बाळ, आणि पलंगावर भेदरून बसलेली आत्या.

"द्या तिला इकडे!" तिने बाळ घेतलं. "माझ्या मुलीला कुणी माया लावलेलीही बघवत नाही तुम्हाला? आता पुरे, आई. संध्याकाळी माणसं येणार आहेत, मला आणखी तमाशा नको. तुम्ही डोंबिवलीला जा."

मालनने सरोजकडे पाहिलं. एक शब्द... सरोजने एक शब्द बोलायचा होता. सरोजने मान खाली घातली आणि चादरीची सुरकुती नीट करायला लागली.

"फोडणी दिलीये घुगऱ्यांना," मालन संचिताला म्हणाली. "मीठ घालायचं राहिलंय." आणि ती पिशवी भरायला गेली. विनीत फुलं घेऊन वर आला तेव्हा ती निघून गेलेली होती.

संध्याकाळी बायका जमल्या. पाळण्याला फुलांच्या माळा लावल्या. शेजारच्या कृतिकाच्या सासूबाईंनी, बाळकुमच्याच जुन्या घरातल्या त्या, पाळण्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, दगड ठेवलाय आधीच? शहाणं माणूस आहे तुमच्याकडं कुणीतरी. आमच्यात पण बाळाच्या आधी वरवंटा निजवतात. बाळ दगडासारखं टिकावं, म्हणून. कुणी ठेवला?"

संचिताने फडक्याची सुटलेली कड दगडाभोवती पुन्हा खोचली.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. बाळ पाळण्याखालून गेलं, वरून आलं, बत्ता काढून घेतलेल्या सपाट गादीवर पाठीवर निजलं. आता आत्याने कानात नाव सांगायचं. विनीतला सख्खी बहीण नाही, म्हणून हा मान सरोजचा. ती वाकली. तिचे ओठ बाळाच्या कानाशी गेले आणि तिथेच राहिले. बायका कुर्र म्हणायला थांबल्या होत्या. सरोज हळूहळू खाली सरकली आणि पाळण्याचा खांब धरून जमिनीवर बसली.

"मी नाही सांगू शकत," ती म्हणाली. "त्या पोरीच्या कानात पण मीच नाव सांगणार होते. तिचं बारसं नाही झालं. माझ्या कुशीत गेली ती. माझ्या... वहिनीच्या नव्हे."

मग तिने सगळं सांगितलं, रडत, अडखळत, चारचौघींसमोर. विनीत दाराला धरून उभा होता. संचिताने पाळण्यातल्या आपल्या लेकीकडे पाहिलं, आणि हॉस्पिटलमधून निघताना सिस्टरही हेच बोलली होती, हे तिला आत्ता आठवलं: सपाट गादी, पाठीवर, उशी नको, मोठ्यांच्या अंथरुणात नको. तेव्हा तिने अर्ध्या झोपेत मान डोलावली होती.

"गाडी काढ, विनीत," ती म्हणाली. "नाव राहू दे. आपण आईंकडे जाऊ."

डोंबिवलीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा लागला होता आणि मालन जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर एक जुना लाकडी पाळणा होता. विनीतने तो ओळखला. लहानपणापासून तो माळ्यावर चादरीत बांधून ठेवलेला होता, आणि "जुनी भांडी आहेत त्यात, हात लावू नकोस" असं आई म्हणायची. आज तो खाली उतरला होता. त्यात एक वरवंटा निजवला होता. त्याला बाळाचं झबलं घातलेलं होतं, पिवळं पडलेलं, बंद नीट बांधलेले.

घरात पाटा होता, पण वरवंटा कधीच नव्हता. वाटण करायचं झालं की आई समोरच्या लक्ष्मीकाकूंचा मागून आणायची. गरिबी असेल, असं विनीतला वाटायचं.

"रिकामा ठेवायचा नसतो ना," मालन त्यांच्याकडे न बघताच म्हणाली.

त्यांच्याबरोबर आलेली सरोज दाराशीच कोसळली. "वहिनी, मी सांगितलं सगळं. सगळ्यांना सांगितलं."

"कशाला सांगितलंस?" मालनचा आवाज दुखावलेला होता. "तुझ्या सुनांच्या कानांवर जाईल आता. संपलं होतं ना ते. मी संपवलं होतं." आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती रडली. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून, जशी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून रडतात तशी. संचिताने बाळासकट तिच्यापुढे बसून तिच्या पायांवर डोकं टेकलं. क्षमेचे शब्द तिला सुचले नाहीत आणि मालनने ते मागितलेही नाहीत.

"काय नाव ठेवणार होतात तिचं?" संचिताने विचारलं.

मालनने पाळण्यातल्या झबल्यावरून हात फिरवला. "विनिता."

विनीत मटकन खाली बसला. आपलं नाव आपल्या आधी कुणाचं तरी होतं, कुणी न हाक मारलेलं, हे त्याला आज कळत होतं. त्याने आईचा हात हातात घेतला आणि तो नुसता धरून राहिला.

"सरोज, ऊठ," मालनने डोळे पुसले. "नाव सांग हिच्या कानात. वेळ टळायला नको."

सरोज पुढे आली. तिने वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, ठरलेलंच, धनश्री, आणि कुर्र करायला तिथे कुणी नव्हतं म्हणून विनीतनेच केलं. बाळ जांभया द्यायला लागलं होतं.

"आई, हिला इथे कुठे निजवू?" संचिताने विचारलं. सकाळी ज्यावरून एवढं रामायण झालं तोच प्रश्न, पण आता त्यात फक्त विचारणं होतं.

मालन उठली. तिने जुन्या पाळण्याच्या दोऱ्या ओढून पाहिल्या, मान हलवली. "हा नको. लाकूड किडलंय." तिने जमिनीवर पलंगापासून दूर सपाट गादी टाकली, पातळ चादर ताणून कडा आत खोचल्या, पंखा हलका केला, आणि बाळाला पाठीवर निजवलं. काही पांघरलं नाही. मग बाजूला, हात पोचेल एवढ्या अंतरावर, वेगळी चटई अंथरली आणि भिंतीला टेकून बसायला निघाली.

"आडव्या व्हा, आई," संचिता म्हणाली. "तुमची चटई वेगळी आहे, तिची गादी वेगळी आहे. मी जागी आहे."

मालनने हळूच, जणू पाठीला फरशी लागेल की नाही याची खात्री नसावी तशी, पाठ टेकली. बाळाचा श्वास ती ऐकत राहिली. संचिता उशाशी बसून दोघींचा ऐकत होती.

सकाळी समोरच्या लक्ष्मीकाकू दार वाजवून आत आल्या. मालन परत आल्याचं त्यांना कळलं होतं, म्हणून नेहमीच्या सवयीने हातात वरवंटा होता. "घे गं, आज नातीसाठी काहीतरी गोडधोड नि वाटण असेल ना तुझं?"

मालन ओट्यापाशी होती. जुना पाळणा कोपऱ्यात उघडा पडला होता, आणि धुतलेलं पिवळं झबलं दोरीवर वाळत होतं. तिने ओल्या खोबऱ्याचे तुकडे पाट्यावर घेतले.

"नको काकू," ती म्हणाली. "माझा आहे."