दूध येस्तवर

निपाणीच्या एका दवाखान्यात मी बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवते. घरी गेल्यावर कुणाला अडचण आली, की वजनकाटा पिशवीत घालून स्कूटीवर तिच्या गावी जाते. लोक मला ज्योत्स्नाआक्का म्हणतात, आणि पाठीमागं फटकळही म्हणतात. ते खरं आहे. त्या सोमवारी मी जरा कमी बोलले असते, तर आज तुम्हाला हे सांगत बसले नसते.

संकेश्वरच्या अलीकडं उसात एक वस्ती आहे. तिथं रचना बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ चार दिवसांचं. छातीशी धरलं की किंचाळून मान फिरवायचं, आणि रचनाला दूधही उतरलं नव्हतं. तिची आई जयाबाई पावडरचा डबा आणायला निघालीच होती. मी तिला तिथंच झापलं. दुधाआधी येतो तो घट्ट चीक पिळून वाटी-चमच्यानं पाजा म्हटलं, आणि सवयीनं मोठ्यानं सांगून टाकलं, "दूध येस्तवर घरात दुसरी कोण पाजती असंल, तर तिनं पाजलं तरी चालतंय."

जयाबाईनं हातातली पिशवी परत खुंटीला अडकवली. अशी बाई घरात नाही, असं काही ती म्हणाली नाही.

बुधवारी दुपारी परत गेले. वजन आणखी उतरलं असेल, तर बाळाला तसंच दवाखान्यात न्यायचं होतं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्या बंद होत्या, शेगडीत ओवा जळत होता. काट्यावर ठेवलं, तर बाळ दोनशे ग्रॅमनं वाढलेलं. मला हायसं वाटलं. रचना मात्र रडायला लागली.

"आक्का, माझ्याजवळ त्ये एकदाबी प्यालं न्हाय. चीकबी आला न्हाय."

मला जयाबाईचा संशय आला. डबा शोधायला मी तिचं स्वयंपाकघर पालथं घातलं, पण काही सापडलं नाही. मग आमची नेहमीची पद्धत वापरली. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन. रचनानं पुष्कळ प्रयत्न केला, पण आकडा एका ग्रॅमनंही बदलला नाही. बाळाला झोळीत ठेवलं आणि आम्ही तिघी भिंतीला टेकून बसलो.

थोड्या वेळानं झोळीतून आवाज यायला लागला. बाळ दूध गिळतं तेव्हा प्रत्येक घोटामागं घशातून हलकासा श्वास सुटतो. तो ओळखायला मी शेकडो आयांना शिकवलंय... ओव्याच्या धुरातून दुधाचा गोडसर, उबदार वास येत होता. मी झोळीचं कापड बाजूला केलं. बाळ डोळे मिटून हवेतच चोखत होतं. ओठांच्या कडेला पांढरं आलेलं. मी वजन केलं. पन्नास ग्रॅम जास्त.

मी जयाबाईकडं बघितलं.

"माझी थोरली जाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "तिचं पोर तिसऱ्या दिवशी गेलतं... एक घोट न पिता. छाती दाटून ताप चढला, आन् तीबी गेली. ह्याच खोलीत. एकोणीस वरसं झाली, कधी काय तरास न्हाय. सोमवारी तुम्हीच म्हणलासा की... पाजलं तरी चालतंय."

मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. ह्या बाळाला आता आईचं अंग नकोच झालं तर? मी रचनाचा गाऊन मोकळा केला, बाळाला उघडंच तिच्या छातीवर निजवलं, आणि रिकाम्या कोपऱ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुमचे लई उपकार. आता त्याच्या आईला पाजू द्या."

बाळानं तासभर टाहो फोडला. मग थकून त्यानं तोंड लावलं, आणि रचनाला पान्हा फुटला. घोट ऐकू यायला लागले. जयाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

रचना मात्र आपल्या दुसऱ्या बाजूकडं बघत होती.

"आक्का... हिकडंबी कोणतरी वढतंय."

एका बाजूला पाजताना दुसरी बाजूही पाझरते, असं होतंच, म्हणून मी तिला समजावलं आणि तिथं धुतलेल्या कापडाची घडी लावली. घडी कोरडीच राहिली. ती बाजू मात्र डोळ्यांदेखत मऊ पडत गेली, बाळानं पिऊन रिकामी केल्यावर पडते तशी. मायलेकरांना घेऊन खोलीबाहेर पडावं म्हणून मी पुढं झाले, तर रचनानं मान हलवली.

"असू द्या. तिनं माझं पोसलं. तिच्या पोराला मी न्हाय कसं म्हणू?"

तिनं मोकळा हात कोपरात वाकवून उशीवर टेकवला. तळवा वर, बाळाच्या मानेला आधार देतात तसा. जुळी असली, की दोघांना एकदम पाजताना असा हात धरायला मी आयांना शिकवते. रचनाला मी तो कधी दाखवला नव्हता, आणि तिच्या हाताखालची उशी हळूहळू दबत चालली होती.