विहिरीवरचा ओला स्लॅब

सांडोरला मी गेलो तो एका साध्या तक्रारीसाठी. व्हिक्टर माझा जुना मित्र. केळीच्या वाडीतील विहिरीवर त्याने सकाळी स्लॅब टाकला होता, आणि दिवस कलला तरी मधला भाग ओलाच होता. काँक्रीटची पारख करणे हे माझे काम.

"काय रे जितेंद्र, तुमचं सिमेंट सुट्टीवर गेलंय काय?" फाटकातच त्याने विचारले. हसला मात्र नाही.

त्याचे कारण मला ठाऊक होते. त्याचा मुलगा रायन गेल्या पावसाळ्यात याच विहिरीत पडला. पाणी उपसले, गाळ काढला. तो मिळाला नाही. तेव्हापासून त्याची आई, इझाबेल, अन्नपाणी विसरून काठावर बसून असे. विहीर झाकली की ती घरात परत येईल, एवढीच व्हिक्टरची आशा होती.

मी स्लॅबवर तळवा टेकवला. सिमेंट वाळते असे लोक म्हणतात; तसे नव्हे. ते पाणी पिते, आळते, आणि आळताना ऊब सोडते. कडा टणक होत्या, उबदार होत्या. मधोमध ताटाएवढा भाग तेवढा दह्यासारखा मऊ आणि थंडगार. त्याच मिश्रणाचे उरलेले घमेले मी पालथे केले. आतून दगडच पडला.

"मग इथेच काय झालं?"

"ताजं सिमेंट स्वस्थ ठेवलं की घट्ट होऊ लागतं," मी म्हणालो. "ढवळलं की पुन्हा पातळ होतं. इतका वेळ ओलं राहायचं, तर ते..."

"तर?"

"...सतत हलत असलं पाहिजे."

तेव्हा आम्हांला ते दिसले. वारा नव्हता; केळीचे पानही हलत नव्हते. त्या ओल्या वर्तुळात मात्र मंद वळसे उमटत होते, खालून कोणी बोट फिरवावे तसे. शेवाळाचा कुबट वास वर आला.

इझाबेल केव्हा येऊन उभी राहिली, कळले नाही. तिने बाही सारली आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

"काढ हात! कातडी सोलवटेल!" व्हिक्टर ओरडला.

"थांब..." ती कुजबुजली. "पानी फार गार आहे रे त्याला... धरलंय त्याने."

वळसे थांबले. माझ्या डोळ्यांदेखत तो भाग कडेकडून फिकट होत आळत आला. व्हिक्टरने तिला मागे ओढले. हात निघाला तो स्वच्छ, कोरडा. मागे तिच्या हाताच्या मापाची खोबण राहिली.

त्या रात्री ती जेवली, झोपली. खोबण मात्र तिने बुजवू दिली नाही. रोज संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ती तेथे जाऊन बसते, हात आत ठेवते.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. स्लॅबची जाडी वीतभरही नाही. इझाबेलचा हात कोपरापर्यंत आत होता, आणि दगड त्याभोवती चपखल बसला होता.

"खालून बघ," व्हिक्टर हलकेच म्हणाला. पंपाच्या नळासाठी ठेवलेली झडप उघडून त्याने विजेरी माझ्या हाती दिली. मी वाकून पाहिले. आधाराच्या फळ्या काढलेला स्लॅबचा तळ सपाट होता, अखंड होता. कोठेही भोक नव्हते.

वर इझाबेल कोणाशी तरी मायेने बोलत होती.

"अजून थोडं?... बरं. अजून थोडं."