या, बसा जरा

सिरसगव्हाणच्या आरोग्य उपकेंद्राचा चार्ज घ्यायला मी गेले तेव्हा कापसाचे दिवस होते. आष्टीहून परतूरकडे येताना हे गाव लागतं. तुम्ही गेला असाल त्या रस्त्यानं, पण गाव लक्षात राहिलं नसेल. चौपदरी सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना शटरची दुकानं, मोबाइल, बी-बियाणं, मेडिकल, आणि मग पुन्हा शेतं. पापणी लवायच्या आत गाव मागं पडतं.

मला मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. नर्सिंग झाल्यावर माझी पहिली नेमणूक तिथलीच. तेव्हा रस्ता एवढासा होता. दोन एसट्या समोरासमोर आल्या की एकीला थांबावं लागायचं. रस्त्याला लागूनच घरांचे ओटे होते. संध्याकाळी सडा पडायचा आणि म्हातारी मंडळी तिथं येऊन बसायची. स्टँडवरून खोलीपर्यंत सरळ चालत जाणं काही जमायचं नाही. "या, बसा जरा," असं कुणी ना कुणी म्हणायचंच, आणि म्हटलं की बसावं लागायचं. वळणावरच्या कौसल्याकाकू तर हातात चहाची बशी दिल्याशिवाय ख्यालीखुशालीही विचारायच्या नाहीत. गवती चहा घातलेला चहा असायचा. त्यांच्या शेजारचे रखमाजी आबा पाय सोडून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचे. ओळख असो नसो. मी तेव्हा नवखी, एकटी पोर. त्या ओट्यांनी मला सांभाळलं असं म्हटलं तरी चालेल.

म्हणूनच दुसऱ्यांदा तिथली ऑर्डर आली तेव्हा मी आईला बरोबर घेतलं. वडील गेल्यापासून आई, बेबीनंदा, जुन्या जालन्यात एकटीच राहायची. गुडघे धरलेले. गल्ली सोडून यायला ती तयार नव्हती. मी तिला म्हटलं, तिथं तुला एकटं वाटणारच नाही, लोक हाताला धरून बसवून घेतात. त्या शब्दावर ती आली.

पहिल्याच संध्याकाळी मला कळलं की काहीतरी बदललंय.

दिवसा लोक बरे होते. उपकेंद्रात येणाऱ्या बायका हसून बोलायच्या. आमची आशा कार्यकर्ती सत्यशीला हिनं तर खोली शोधून दिली, घरची वांगी आणून दिली. पण ऊन उतरायला लागलं की गावाचा चेहराच फिरायचा. शटरं खाली यायची. दारं लागायची. रस्त्यानं जाणारा माणूस मान खाली घालून चालायचा. मी एकदा दवाखान्यात येणाऱ्या एका बाईला मागून हाक मारली, तर तिनं पदर कानावरून घट्ट ओढला आणि पाय उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई हसत समोर आली. काल हाक ऐकू आली नाही का, असं मी विचारलं, तर बाळाच्या लसीचं काढून बसली.

ओटे तर गेलेच होते. रस्ता रुंद करताना घरांचे पुढचे भाग पाडले, हे दिसतच होतं. कौसल्याकाकूंच्या घराच्या जागी एक शटर होतं, तेही बंद. मी सत्यशीलाला विचारलं. ती लसींच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या भरत होती. वर न बघताच म्हणाली, "त्या न्हाईत आता इथं."

मला वाटलं, लेकाकडं गेल्या असतील. बऱ्याच जणांचं तसं होतं.

आई सुरुवातीला फार उदास झाली. खिडकीशी बसून राहायची. हेच का तुझं मायेचं गाव, असं तिनं एकदा विचारलं. संध्याकाळी मी ऑनलाइन माहिती भरत बसायचे, तेवढ्यात ती पाय मोकळे करायला म्हणून हळूहळू रस्त्यापर्यंत जाऊन यायची. कुणी बोलत नाही, म्हणायची.

मग एक दिवस ती परतली तीच हसत. कौसल्याबाई भेटल्या, म्हणाली. स्वतःहून हाक मारून बसवलं, तुझी चौकशी केली, पोरगी वाळली का सुधारली विचारलं. मला फार बरं वाटलं. म्हणजे काकू परत आल्या होत्या. त्यानंतर आई रोजच जायला लागली. तिथं आणखी कोण कोण बसतं ते सांगायची. एक म्हातारबाबा पाय सोडून बसतात आणि गाड्यांना हात करतात, म्हणाली. मी म्हटलं, ते रखमाजी आबा. आम्ही दोघी हसलो.

रात्री ती जेवायची नाही. पोट भरलंय म्हणायची. तिच्या लुगड्याला मागं सिमेंटची पांढरी भुकटी लागलेली असायची, ती मी झटकून टाकायचे. कामाच्या गडबडीत होते. त्यातनं काही अर्थ काढावा असं मला सुचलं नाही.

एका दुपारी सत्यशीलाबरोबर वस्तीवर गृहभेटींना गेले होते. परत येताना सूर्य कलला होता आणि तुरीच्या शेतातून आम्ही गप्पा मारत चाललो होतो. बोलता बोलता मी सहज सांगितलं की आईचा जीव आता रमलाय, रोज संध्याकाळी कौसल्याकाकूंकडे बसायला जाते.

सत्यशीला चालायची थांबली.

तिनं मला बांधावर बसवलं आणि सांगितलं. ओटे पाडले तेव्हा म्हाताऱ्या माणसांना बसायला जागाच उरली नाही. घरात जीव लागेना. मग त्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि जिथं ज्याचा ओटा होता तिथंच, अर्धवट झालेल्या रस्त्याच्या कडेला, मांडल्या. पोरांनी समजावलं, ठेकेदाराच्या माणसांनी हटकलं, तरी ती संध्याकाळ झाली की येऊन बसायची. एका दिवेलागणीला कापसाचा ट्रक वळणावर सुटला. काकू, आबा आणि त्यांच्या संगतीला बसणारी सगळीच गेली. पुढं त्या जागेवरून रस्ता पक्का झाला.

"जिथं वटा होता ना सिस्टर," ती म्हणाली, "तिथून आता गाड्या जातेत. पण ती बसलेलीच हाईत. आवाज देतेत… या, बसा जरा. अन् माणूस जाऊन बसतं."

तिच्या मावसदिराला तसंच नेलं होतं. नंतर एका पाहुण्याला. तेव्हापासून ऊन उतरलं की गावात कुणी कुणाला हाक मारत नाही, आणि कुणी मारली तर ओ देत नाही. हाक कुणाची आहे ते कसं कळणार?

मी काय बोलले आठवत नाही. एवढंच आठवतं की मी वर बघितलं आणि सूर्य दिसत नव्हता.

आम्ही पळत सुटलो. खोलीचं दार बाहेरून लोटलेलं होतं. आईच्या चपला नव्हत्या. खोलीमागच्या बोळातून मी रस्त्यावर आले. सत्यशीला शटरांच्या ओळीपर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. तिचे पाय पुढं येईनात.

वळणावर, रस्त्याच्या मधोमध, आई मांडी घालून बसली होती.

डोक्यावर पदर होता. तोंड एका बाजूला वळलेलं, कुणीतरी गमतीचं सांगत असावं तसं ती ऐकत होती. एक हात तोंडासमोर धरलेला, बोटं अशी वळलेली की त्यात बशी असावी. एक मोटारसायकल तिला चुकवून कशीबशी पुढं गेली. थांबली नाही. लांब आष्टीच्या बाजूनं दिवे दिसत होते, उंचावरचे, जड गाडीचे. शटरांच्या फटींतून उजेडाच्या रेघा येत होत्या आणि त्या रेघांत माणसं उभी होती हे मला कळत होतं. एकानंही आवाज केला नाही.

मी रस्त्यावर गेले. पांढरी पट्टी ओलांडली आणि गाड्यांचा आवाज विझल्यासारखा झाला. पायाखाली सिमेंट लागेना. मऊ लागत होतं, नुकतंच सारवल्यासारखं, गार. सड्याचा वास आला. आणि गवती चहाचा.

दिसत कुणीच नव्हतं.

"आलीस का," आई म्हणाली. "बस. कवापासून वाट बघून राह्यलेत तुझी."

मी तिचा दंड धरून ओढलं. आई काटकुळी बाई, पण हलेना. तिचा दुसरा हात कुणीतरी मायेनं धरून ठेवलाय, असं वाटलं. मी पुन्हा ओढलं. तेव्हा अगदी कानाजवळ, दमलेल्या, ओळखीच्या आवाजात कुणी बोललं.

"भावना… किती वाळलीस गं… बस जरा…"

भीती वाटलीच. पण तुम्हाला खरं सांगते, त्याहून वाईट असं की मला बसावंसं वाटलं. दिवसभर चाललेली होते. पाय भरून आले. गुडघे आपोआप वाकायला लागले. मला वाटलं, घटकाभर बसलं तर काय होतंय. आईच्या चेहऱ्यावर उजेड वाढत होता, आणि मला तो कुणीतरी कंदील आणल्यासारखा वाटला.

आईचे डोळे दिपले, ती किंचित दचकली, त्यानं मी भानावर आले. ओढून काही होणार नव्हतं. त्या ओट्यावरून तेव्हाही कधी कुणी झटका देऊन उठून गेलं नव्हतं. मी दंड सोडला. पदर सारखा केला. समोर, जिथं काकू बसायच्या तिथं बघून म्हटलं, "काकू, येते मंग. स्वयंपाक व्हायचाय."

कुणीतरी बशी पुढं सरकवल्यासारखा आवाज झाला.

"चहा तरी…"

"पुढच्या वेळी घेईन, काकू. आईच्या गोळ्या राहिल्यात."

उजव्या बाजूला, खाली, एक म्हातारा खोकला. "जाऊ दे तिला," तो म्हणाला. "कामाचं माणूस हाय…"

आणि मग, आपण उंबऱ्यावर म्हणतोच तसं, जिभेच्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "तुम्ही पण या एकदा आमच्याकडं."

उत्तर आलं. एकाच्या नाही, बऱ्याच जणांच्या आवाजात.

"येऊ की… आता आम्हाला तरी कुठं वटा हाय…"

आई एकदम हलकी झाली. मी तिला उचलल्यासारखं ओढलं आणि आम्ही दोघी कडेच्या खडीवर पडलो. ट्रक गेला. त्याचा हॉर्न मला तो गेल्यावर ऐकू आला.

सत्यशीलानं आईला उठवून बसवलं, तिचं खरचटलेलं कोपर पुसलं. शटरांपाशी उभं राहून तिनं माझं बोलणं अर्धवट ऐकलं होतं. निघताना तुम्ही काय म्हणलात सिस्टर, असं तिनं हळूच विचारलं. मी सांगितलं. तिचा हात आईच्या कोपरावर तसाच राहिला. मग तिनं तो काढून घेतला आणि आम्हाला खोलीपर्यंत सोडायला ती आली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आईला जालन्याला आणलं. मी रजा टाकली आणि बदलीच्या मागं लागले. खटपट करून ती झाली. आईचं जुनं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, गल्ली इतकी अरुंद की रिक्षासुद्धा तोंडाशी थांबते. मोठा रस्ता तिथून लांब. मला वाटलं, संपलं. आई तिथल्याबद्दल बोलायची नाही. फक्त संध्याकाळी चहा करताना आधण जास्त ठेवायची, आणि मी विचारलं की हात चुकला म्हणायची.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर फरशी कापायचं काम चालू होतं. दिवसभर मशीन घरघरत होती, पांढरी धूळ जिन्यातून खाली येत होती, दाराखालच्या फटीतून घरात शिरत होती. संध्याकाळी कामगार गेले आणि शांत झालं. आई कॉटवर बसलेली होती. मी कणीक मळत होते.

"भावना," ती म्हणाली, "दार उघड गं. जिना चढून दमलेत."

जिन्यात पावलं वाजली नव्हती. मी कणकेचे हात तसेच घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिचे दोन्ही हात धरले. बाहेर, दाराशी, कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून खाली बसताना सोडतं तसा एकानं सुस्कारा सोडला. मग दुसऱ्यानं. बांगड्या हलल्या. कुणी दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. नुसते बसले, गप्पा सुरू व्हायच्या आधी माणसं बसतात तसे. आई मान हलवत होती, अधूनमधून हसत होती. मी तिचे हात सोडले नाहीत. आम्ही दोघी उजाडेपर्यंत त्या कॉटवरून उठलो नाही.

सकाळी शेजारच्या दाराची कडी वाजली, दूधवाल्याचा आवाज आला, तेव्हा मी उठले आणि दार उघडलं. जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत धूळ एकसारखी पसरलेली होती. तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पण भिंतीला धरून ओळीनं काही जागा स्वच्छ होत्या. माणूस मांडी घालून बसलं की जेवढी जागा झाकली जाते, तेवढ्याच. एका जागेपुढं धूळ लांब पुसलेली होती, पाय सोडून बसल्यासारखी.

ओळ दारापर्यंत आली होती. तिच्यातली शेवटची जागा उंबऱ्याच्या आत होती.