साखळी ओढणारा सोजीर

"हा नको! याचे काटे त्यालाच टोचतील!"

"मग ही साखळी घे. एकदम पक्की! हत्ती बांध हिने!"

"हत्ती असता तर बांधला असता, होतू! आपल्याकडे भुंग्या आहे!"

चिखलोली गावात चिंचेखाली, भुंग्या कुत्र्याच्या पट्ट्यावरून, सरू आणि होतू यांची चांगलीच जुंपली होती. होतू उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी मुलगा. त्याच्या वडिलांच्या दुकानात, लढाईनंतर पलटणींनी मागे टाकलेले पट्टे, बकलं, थैल्या असला माल छतापर्यंत रचलेला असे. मे महिन्याच्या सुट्टीत तो आपला वर्गमित्र चंदर याच्याकडे राहायला आला होता, आणि येताना पिशवीभर पट्टे घेऊन आला होता. चंदर म्हणजे सरूचा धाकटा भाऊ. तिघांना पायी अंबरनाथच्या देवळापर्यंत जायचं होतं, आणि भुंग्याशिवाय कोणीही पाऊल उचलणार नव्हतं.

अडचण एकच. भुंग्या चालत नसे, ओढत असे! पट्टा सैल ठेवला, की स्वारी मागे सरकून डोकं सोडवून घ्यायची. परवा असाच सुटून तो थेट बैलगाडीच्या चाकाशी गेला होता आणि सरूच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं.

"सैल नको, तर घट्ट बांधू!" चंदर म्हणाला. त्याने सुतळीचा फास भुंग्याच्या गळ्यात अडकवला. भुंग्याने पुढे झेप घेतली. फास आवळला आणि त्याच्या घशातून आवाज आला, "ख्र्र... घ्र्र... ख्र्र..."

"सोड! सोड त्याला आधी!" सरू ओरडली.

फास सुटला. भुंग्या खोकला आणि काही झालंच नाही अशा थाटात शेपूट हलवू लागला. सरू मात्र जागच्या जागी थिजली.

"चंदर, हा आवाज... हा सोजिराचा आवाज आहे!"

चंदरने हातातली सुतळी टाकून दिली.

"कौन सोजीर?" होतूने विचारलं.

होतूला बिचाऱ्याला काय ठाऊक! गावाबाहेर माळावर, लढाईच्या दिवसांत बांधलेलं एक पत्र्याचं गोदाम होतं. दाराला कुलूप, भोवती छातीइतकं वाळलेलं गवत. दिवाळीपासून तिथे एक सोजीर, म्हणजे लढाईतल्या गोऱ्या शिपायाचं भूत, फिरतो, असं सगळं गाव सांगत होतं. कोणी तरी त्याचा गळा आवळला होता म्हणे, म्हणून त्याला बोलता येत नाही. तो नुसता घरघरतो आणि पायातली बेडी ओढत भिंतीकडेने चालतो. खळ्ळ... खळ्ळ... काल तिन्हीसांजेला चुकलेली शेळी शोधत सरू तिकडे गेली, तेव्हा तिने तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता आणि शेळीला विसरून घराकडे धूम ठोकली होती. शेळी तिच्या आधी घरी पोचली होती, ही गोष्ट वेगळी.

"गावातलं कोणी ना कोणी रोज त्याला उतारा ठेवतं," चंदर कुजबुजला. "भात, अंडं, कधी सुकट. दाराखालच्या फटीशी पान ठेवायचं आणि मागे न पाहता निघून यायचं. दुसऱ्या दिवशी पान चाटूनपुसून साफ!"

"भूत सुकट खातो?" होतूचे डोळे मोठे झाले.

"मागे न पाहता..." सरू स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे खाताना त्याला कोणी पाहिलेलंच नाही!"

तेवढ्यात खांद्यावर कोयता टाकून त्यांचे काका, हरिचंद्र, तिथून चालले होते. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नसे.

"पोरांनो, उद्या सकाली मालावर कोनी जायाचा नाय!" ते म्हणाले. "गोदामाभोवतीचा गवत पेटवाचा हाय. भगत बोललाय, आगीबिगर त्यो हलायचा नाय."

"पण हरिकाका, आत खरंच कोणी जिवंत असलं तर?"

"कुलपात कोन जित्ता राहील गो? तुजी आपली भलतीच खुसपटं!" हसत हसत काका निघून गेले.

आत कोण आहे, ते सरूला आता जवळजवळ कळलं होतं आणि तरीही भीती काही जात नव्हती. उद्या सकाळी माळ पेटणार होता! जायचं तर आत्ताच जायला हवं होतं. आणि सूर्य नेमका डोक्यावर आला होता. ऐन दुपारची वेळ ही भुतांच्या हक्काची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

"भुंग्याला बरोबर घेऊ," ती म्हणाली. "पण गळ्यात काहीही बांधायचं नाही! होतू, टांग्याचा घोडा गळ्याने ओढतो का रे?"

"छे! छाती पे पट्टा रहता है ना!" होतू उडालाच. "अरे, समजलं! समजलं!"

त्याने पिशवी उपडी केली. जाड खाकी कापडाचा एक पट्टा भुंग्याच्या छातीवरून आला, दुसरा पुढच्या पायांमागून पोटाभोवती गेला, आणि दोन्ही पाठीवर बकलात अडकले. दोरीही तिथेच, पाठीवर बांधली. सरूने पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली. बोटं आत सहज गेली. भुंग्याने मागे सरकून पाहिलं, पुढे झेपावून पाहिलं. ना सुटला, ना खोकला!

माळावर चिटपाखरू नव्हतं. वारा पडला होता. तापलेले पत्रे कोणी हात न लावता कट् कट् वाजत होते. तिघेही गवतातून वाट काढत दारापाशी पोचले, आणि भुंग्या एकाएकी थांबला.

खळ्ळ... खळ्ळ...

"सरूताई, मागे फिरू या ना," चंदर रडवेला झाला.

दाराखालच्या फटीशी उताऱ्याचं पान होतं. त्यावर भात होता. पाहता पाहता ते पान हललं, आणि सरकत सरकत आपोआप दाराखाली आत गेलं!

"जय झूलेलाल!" होतूने डोळे मिटून घेतले. आतून आवाज आला, "घ्र्र... ख्र्र..."

पळावं, असं सरूलाही वाटलं. फार वाटलं. पण भुंग्या फटीशी पोट टेकून पडला होता आणि त्याची शेपटी जोरजोरात हलत होती. भुताला पाहून कोणी शेपूट हलवतं का? सरू जमिनीवर पालथी पडली आणि तिने आत डोकावलं.

अंधारात दोन डोळे तिच्याकडेच पाहत होते.

कुत्रा! नुसती हाडं उरलेला, साखळीला जखडलेला कुत्रा! पिल्लू असताना कोणी तरी त्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा घातला होता. पिल्लू वाढलं, पट्टा कोणी सैल केलाच नाही. आता तो मानेत रुतून बसला होता. सरूला पाहून कुत्र्याने तोंड उघडलं, आणि तीच घरघर बाहेर आली. तो भुंकत होता! इतके महिने तो हाका मारत होता आणि सगळं गाव त्याला घाबरून दुरून पळत होतं. सरूला हुंदका आवरेना.

"रडतेस काय? आत कसं जायचं ते बघ!" चंदरची भीती आता पार पळाली होती. मागच्या बाजूचा एक पत्रा खिळ्यांतून सुटला होता. तिघे अंग चोरून आत शिरले. आत फुटक्या टाकीतलं हिरवट पाणी होतं. त्यावरच हा जीव तगला होता. साखळी खांबाला तारेने गुंडाळलेली होती. होतू बकलाच्या टोकाने तार उलगडू लागला.

"ओढू नको! मानेवर जरासुद्धा ताण नको!" सरूने भुंग्याच्या अंगावरचा पट्टा सोडवून कुत्र्याच्या छातीवर चढवला. होतूने साखळी दोन्ही हातांवर उचलून घेतली, चंदरने भुंग्याला कवेत घेतलं आणि ही वरात गावाकडे निघाली.

वेशीवर पहिल्या भेटल्या त्या शेजारच्या कौसाबाई. त्या सोजिरासाठीच भाताचं पान घेऊन माळाकडे निघाल्या होत्या. समोरून "खळ्ळ... घ्र्र..." ऐकू येताच त्या डोळे मिटून मटकन खाली बसल्या.

"सोजीर आला गं बाय!"

"कौसामावशी, डोळे उघडा! बघा तरी!"

पण कुत्रा थांबतोय थोडाच! तो सरळ त्यांच्याकडे गेला, त्यांचा हात हुंगला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गप्प पडला. कौसाबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"मंजे माजा भात... हा खात व्हता?"

लोक धावत आले. हरिकाकांनी ती मान वाकून पाहिली. "उद्या मी याला जित्ता जालला असता रं," ते एवढंच बोलले. त्यांनी स्वतः गाडी जुंपली आणि त्याच संध्याकाळी कल्याणच्या गुरांच्या डॉक्टरांनी तो पट्टा कापून काढला.

कुत्र्याचं नाव सोजीरच पडलं. जखम सुकत आली, अंगावर मांस चढू लागलं, पण घशातून घरघरीपलीकडे आवाज निघेना. तो कधी भुंकेल, याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती.

शाळा उघडायच्या सुमारास त्या गोदामाच्या ठेकेदाराचा मुकादम हिंदुराव गावात आला. पत्र्यांची राखण करायला त्यानेच पिल्लू बांधलं होतं, आणि काम थांबल्यावर खायला कोणी तरी घालेल म्हणून तो खुशाल गावी निघून गेला होता!

"कुत्रा आमचा आहे," तो म्हणाला. "हा बघा, नवा पट्टा आणलाय. लोखंडी कड्यांचा, मजबूत!"

"कुत्रा वाढतो, मुकादम! पट्टा वाढत नाही!" सरू पुढे आली. "गळ्यात काही घालायचं, तर रोज दोन बोटं घालून बघावं लागतं. तुम्ही एकदा तरी बघितलंत का?"

"ए पोरी, मोठ्यांच्या मध्ये—"

"बोलू दे तिला!" हरिकाका गरजले. "आमी सगली मोठी मानसं आग लावाया निघालेली. कान शाबूत व्हते ते या तीन पोरांचे! मना अभिमान हाय त्यांचा. आन् कुत्रा कुटं जायाचा नाय!"

हिंदुरावाने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पट्टा उघडून तो खाली वाकला. सोजीर सरूच्या पायांशी सरकला. त्याचा घसा हलला. सरूने डोळे मिटले.

"भॉ!"

फाटका, चिरका, पण भुंकण्याचाच आवाज! हिंदुराव दचकून मागे पडला आणि पट्टा तिथेच टाकून चालता झाला. आपल्या आवाजाने सोजीर स्वतःच चकित झाला होता. तो क्षणभर थांबला, मग पुन्हा भुंकला, मग पुन्हा. दिवेलागण झाली, जेवणं झाली, तरी तो भुंकतच होता, आणि त्या दिवशी गावात कोणीही त्याला गप्प केलं नाही.