हिरव्या झाडाचा डिंक

चाडच्या सरहद्दीवरची डिंक-तपासणी प्रयोगशाळा म्हणजे चाकं काढलेला ट्रकचा डबा. आत एक सूक्ष्मदर्शक, एक कुरकुरणारा कूलर आणि सकाळपासून गालातल्या गालात हसणारे नागपूरचे डॉ. विश्राम खोब्रागडे.

"हसू नका हो डॉक्टर," इख्लास म्हणाली. "तुम्ही सही केलीत की माझ्या गावचं रान गेलंच समजा."

इख्लास पलीकडच्या सुदानची वनस्पतिशास्त्रज्ञ. तिचं गाव बंदूकवाल्यांनी बळकावलं होतं. तिथल्या बाभळीसारख्या झाडांचा डिंक विकून ते नवी हत्यारं घेत. थंड पेयात हा डिंक नसला, तर स्वादाचं तेल वर तरंगतं. म्हणून गिऱ्हाईक तयार. लढाईची बातमी मात्र कुठे नाही. इकडे चाडमध्ये माणसांचे लोंढे, विहिरी कोरड्या, भाकरी महाग. आणि आज तोच डिंक 'चाडचा माल' होऊन दारात उभा होता.

"चोरीचा डिंक ओळखायला तुम्ही बनवलेला साक्षीजंतू दगा देणार नाही ना?"

"अजिबात नाही. तो पानातल्या साखरेवर जगतो. पानं झडली, की गाढ झोपतो. पण हिरव्या झाडाला चीर दिली, तर डिंकात त्याचं बिनरंगी द्रव्य उतरतं. लाळ लागली की निळं! अपाय शून्य. तुझ्या वडिलांनी झाडांना नीट चोळलाय ना?"

"गाव सोडायच्या आधी, एकेका झाडाला. आमची माणसं पानझडीआधी चाकू लावतच नाहीत."

"आणि हे लोक पानं झडेपर्यंत थांबले असतील तर?"

"बंदूकवाल्याला थांबता येत असतं, तर त्याने शेती केली असती!"

दार आपटलं. पेयाच्या कंपनीचा खरेदीदार फिलिप आत आला, मागे जाहिरातीचा कॅमेरा.

"डॉक्टर, सही. नाहीतर उद्यापासून ही लॅब बंद."

"साहेब, माल सुदानचा वाटतो."

"वाटतो? तुमची यंत्रं काय म्हणतात?"

"यंत्रं गप्प आहेत. पण आमच्याकडे बाळंतिणीच्या लाडवाचा डिंक आई आधी स्वतः चाखते. तुम्ही चाखाल?"

फिलिपने कॅमेऱ्याकडे बघून ऐटीत खडा तोंडात टाकला. "शुद्ध! नैसर्गिक! आमचं पेय अख्खं जग पितं!"

कॅमेरावाल्याचा हात थांबला. "सर... जीभ."

फिलिपने सूक्ष्मदर्शकाच्या आरशात पाहिलं. शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी निळीशार. मग पुसली, खरवडली, चूळ भरली. रंग ढिम्म.

"चार दिवस टिकतो," विश्राम म्हणाले. "हिरवं झाड कापलं की असं होतं. आणि आमचा जंतू चोळलेली झाडं फक्त हिच्या गावात आहेत."

"मी दुसऱ्या नाक्याने माल काढीन!"

"दुसऱ्या कशाला? इथूनच न्या की!" विश्रामांनी कागद ओढला आणि झोकात सही ठोकली.

इख्लास किंचाळली, "डॉक्टर!"

"अगं, जाऊ दे! पोरं पितील, मंत्री पितील, बातम्या वाचणारेही पितील. सगळ्या जगाची जीभ निळी झाली, की विचारतील ना, हे कुठून आलं?"

इख्लासच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. तिने स्वतः जाऊन फाटक उघडलं.

"न्या साहेब. कागद पक्का आहे."

फिलिपने कागद वाचला. 'खाण्यास सुरक्षित,' त्यावर लिहिलं होतं. 'मूळ गाव: खाणाऱ्याच्या जिभेवर पाहावे.'

त्याने कागद टेबलावर टाकला आणि निळ्या जिभेने ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "गाडी वळव! ज्याचा माल त्याला परत!"