भार तिथं झीज

सुभेदार जोतिबांचा लष्करातला सगळा काळ गाड्यांखाली आडवं पडून गेलेला. माणूस थापा मारतो, गाडी मारत नाही. भार तिथं झीज, असं ते म्हणायचे. त्यामुळे टायर पुढची मागे अन् मागची पुढे करून घेतल्यावर गाडी घुमायला लागली, तेव्हा त्यांनी थेट कुपवाडला आसिफचं गॅरेज गाठलं.

"टायरची जागा बदलली की जरा घुमतंच, सुभेदार. थोडी चालवा," आसिफ म्हणाला.

चालवली. मागच्या डाव्या चाकातली घूंऽ घूंऽ काही थांबेना. आसिफने बेअरिंग पाहिलं, हवा पाहिली, अलाइनमेंट केली. शेवटी ते टायर पुढे घेऊन पुढचं मागे टाकलं. खोट टायरमध्ये असती, तर आवाज त्याच्याबरोबर पुढे आला असता. तो मागेच राहिला.

महिन्याभरात मागे बसवलेल्या टायरचीही बाहेरची कड करवतीसारखी दातेरी झाली. आसिफने तिच्यावरून तळहात फिरवला.

"मागं डावीकडं कोन बसतं वं? दाराला रेलून?"

"कुनी न्हाई. मी एकलाच असतोय."

खरंच होतं ते. पण ती जागा बायकोची, बनुबाईंची. पुढे बसलं की समोरची गाडी अंगावर येते म्हणून त्या कायम मागे, डाव्या दाराला रेलून बसायच्या. दिवाळीत छातीत दुखलं, तेव्हाही तिथंच बसून दवाखान्यात गेल्या. लेकीला, सृष्टीला, दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. घरातून निघताना 'जाते' कोण म्हणतं? त्याही उंबऱ्यावर म्हणाल्या, "आवं, येते मी. सृष्टीचं बाळ मीच जोजवनार हाय."

त्या आल्या नाहीत.

माहेरी आई नाही, म्हणून सृष्टीचं पहिलं बाळंतपण मेढ्याला सासरीच झालं. जोतिबांच्या ते फार जिवाला लागलं. बनुबाईंचा शब्द तर राहिलाच. निदान बारशाला पाळणा तरी माहेरचा जावा, म्हणून सृष्टीचाच जुना पाळणा त्यांनी माळ्यावरून काढला, चारी दोऱ्या नव्या ओवल्या अन् सुटा करून डिकीत घातला.

साताऱ्यापर्यंत आवाज सोबतीला होता. मेढ्याची वळणं लागली तसा तो बारीक झाला, खिडकीबाहेर बघत कुणी गप्प बसावं तसा.

सृष्टीच्या दारात गाडी थांबली. जोतिबा उतरले, अन् डिकीआधी सवयीने त्यांनी मागचं डावं दार उघडलं.

"आला बग मेढा," ते हळूच म्हणाले.

गाडीची डावी बाजू बोटभर वर उठली.

त्यांनी दार अलगद लावलं. भीती वाटली नाही. फार बरं वाटलं.

पाळणा टांगला, नातीला मांडीवर घेतलं, पुरणपोळी चेपली. परतीच्या वाटेवर गाडीतून हूं की चूं नाही. त्या रात्री जोतिबा कित्येक महिन्यांनी गाढ झोपले.

पंधरवड्याने सृष्टीचा फोन आला.

"आण्णा, पोर लय गुनाची हाय. रातचं रडतच न्हाई. मला वाटायचं सासूबाई जोजवत्यात, अन् त्यास्नी वाटायचं मी."

"मग?"

"मग काय न्हाई. यीताना पाळण्याला दोन दोऱ्या आना. डावीकडच्या झिजल्यात. उजवीकडच्या कोऱ्या हायत."